पार्ट धुवायची पावडर

माझी वेणी टाचेपर्यंत लोळायची, असं मी सांगायला लागले की माझी सून हळूच उठून स्वयंपाकघरात जाते. तिनं हे शंभर वेळा ऐकलंय. तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय, तेव्हा पुरतं ऐका. बरं, टाचेपर्यंत नसेल, पोटरीपर्यंत धरा. आई असती तर म्हणाली असती, "गुडघ्याच्या बी वर व्हती की गं इमल." पण आई आता नाही, तेव्हा पोटरीवर शिक्कामोर्तब. न्हाऊन मी ओट्यावर केस वाळवत बसले की मुंबई-पुणे रस्त्यावरचे ट्रक आपोआप हळू व्हायचे. वसाहतीपासून तो रस्ता दिसत नव्हता, हे खरं आहे. पण ट्रक हळू झाल्याचा आवाज मी या कानांनी ऐकलाय.

चिंचवड स्टेशनच्या मागं कंपनीची वसाहत होती. दहा-दहा खोल्यांची एकेक रांग. आमचे दादा निघोज्याचे. जमीन धाकट्या भावाच्या हवाली करून ते कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि आम्हाला रांगेतली शेवटून दुसरी खोली मिळाली. सगळ्यात शेवटची खोली फोरमनची. तिला मागं एक जादा खोली आणि स्वतंत्र मोरी. दोन घरांमध्ये भिंत एकच, आणि तीही अशी की पलीकडं कुणी कूस बदलली तरी इकडं कळावं. पहाटे भोंगा व्हायचा, आई स्टोला पंप मारायची, भाकरीचा थप्प-थप्प आवाज सुरू व्हायचा, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला, भाकरीला, उशीला, अगदी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालाही, मशीनच्या तेलाचा वास यायचा. मला तो वास अजून आवडतो. तसल्या वासाच्या माणसाशीच मी पुढं लग्न केलं.

कंपनीतून आलेली वस्तू चांगलीच असणार, ही आम्हा सगळ्यांची श्रद्धा होती. कंपनीचा टॉवेल, कंपनीचा साबण, कँटीनची डब्यातून आणलेली जिलेबी, सगळंच. दादांच्या तेलकट कपड्यांसाठी एक पावडर यायची. कंपनीत तिनं मशीनचे सुटे भाग धुवायचे, म्हणून तिचं नाव 'पार्ट धुवायची पावडर'. तंबाखूच्या डब्यात दादा ती घरी आणायचे. रविवारी आई पत्र्याच्या डब्यात पाणी उकळून त्यात मूठभर टाकायची आणि लाकडानं कपडे ढवळायची. तेल असं सुटायचं की बघत राहावं. खंडेनवमीला कंपनी बायका-पोरांना आत सोडायची, तेव्हा झेंडूच्या माळा घातलेली मशीनं आरशासारखी लखलखायची, तीही याच पावडरीमुळं. आम्ही मशीनला हात जोडायचो, पेढा खायचो आणि मग मैदानात बायकांच्या स्पर्धा व्हायच्या. त्यात सगळ्यात मानाची स्पर्धा लांब वेणीची. साहेबांच्या बाई टेप घेऊन मानेपासून मोजायच्या.

त्या स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षं नंबर काढला होता आमच्या शेजारणीनं. नाव मालतीबाई, पण सगळी वसाहत म्हणायची फोरमनीणबाई. गोरीपान, पुण्याची, बोलणं असं की पाणी मागितलं तरी कानाला बासुंदी लागावी. पहिल्या वर्षी तिला हंडा मिळाला, दुसऱ्या वर्षी प्रेशर कुकर. अख्ख्या रांगेत तो एकच कुकर. त्याची शिट्टी झाली की आमची भिंत थरथरायची आणि आई हातातलं काम थांबवून म्हणायची, "झाली बया तिची आरती सुरू." तिसऱ्या वर्षी मी सोळाची झाले. स्पर्धेला सोळा पूर्ण लागत. आईनं माझं नाव दिलं आणि त्या दिवसापासून शिट्ट्या जरा कमी ऐकू यायला लागल्या.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फोरमनीणबाई हातात साखरेची वाटी घेऊन आमच्या दारात आली. आई नळावर गेली होती.

"विमल, केस काय सुंदर आहेत गं तुझे. पण तेल किती ते! साहेबांच्या बाईंना तेलकट वेणी हातात धरवत नाही. मागच्या वर्षी एकीला त्यांनी त्यावरूनच बाद केलं."

"मग काय करू काकू?"

"तुमच्याकडे ती पावडर असेलच की. कोमट पाण्यात कालवायची, अर्धा तास ठेवायची. मी तेच करते. उद्या मशीन बघशील ना, कसं चमकतं? अगदी तस्सं."

"पण आई तिच्यात हात घालत नाही."

"उकळत्या पाण्यात कोण हात घालेल, वेडे? थोडं चुरचुरेल, तेवढं सोसायचं. आणि हे बघ, टाळूला नको लावूस हं. कानाच्या खालीच लाव."

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. मी चार वर्षं ठेवलं होतं.

मी दार लावून मोरीत बसले. पावडर कालवली, हाताला बुळबुळीत लागली, बोटांना मुंग्या आल्या. सोळा वर्षांच्या मुलीला सुंदर व्हायचं असलं की ती काय काय सोसते हे तुम्हाला सांगायला नको. कानापासून खाली सगळी वेणीची वेणी मी त्या लगद्यात बुडवली आणि भिंतीला टेकून मशीनसारखं चमकायची वाट बघत बसले. अर्ध्या तासानं पाणी ओतलं. पाण्याबरोबर काळं काहीतरी वाहून चाललं होतं. मला वाटलं, तेल सुटतंय. मग ते मोरीच्या जाळीत अडकलं, पाणी तुंबलं, आणि मी हातानं ओढून बघितलं तर माझेच केस. चिखलात पडलेल्या दोरीसारखे. उरलेले वाळल्यावर तांबूस झाले, उभे राहिले, आणि त्यांच्यातून फणी फिरवली की वाळक्या पाल्यावरून कुणी चालत जावं तसा आवाज यायचा. आई आली, तिनं बघितलं आणि हातातली कळशी तशीच सोडून दिली. त्या कळशीला पडलेला पोचा आमच्या घरात पुढं कित्येक वर्षं होता. दादा संध्याकाळी आले, डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि न जेवता बाहेर जाऊन बसले. पावडर त्यांनी आणली होती ना.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "नगं जाऊ." मी गेले. माझी जिद्द म्हणा, मूर्खपणा म्हणा. साहेबांच्या बाईंनी टेप लावायला वेणी उचलली आणि वेणीचं वीतभर टोक त्यांच्या हातात राहिलं. मैदानात एवढा हशा झाला की आकुर्डीपर्यंत ऐकू गेला असणार. फोरमनीणबाईनं नंबर काढला, पदराला हात पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "अरेरे, काय केलंस गं हे?" वसाहतीतल्या पोरांनी त्याच संध्याकाळी माझं नाव ठेवलं, काथ्या. मी नळावर गेले की गाणं सुरू व्हायचं, "काथ्या आला, भांडी घासा!" आणि भिंतीपलीकडून शिट्टी.

आईनं फोरमनीणबाईला जाब विचारायला जायचं म्हटलं, पण दादांनी अडवलं. फोरमनच्या हाताखाली त्यांची नोकरी. मी मनात ठरवून टाकलं होतं. केस वाढवायचे, होते तसे वाढवायचे, आणि त्याच मैदानात, त्याच बाईसमोर उभं राहायचं. माणसं देवासाठी व्रत करतात. मी फोरमनीणबाईसाठी केलं.

मग सुरू झाले उपाय. रांगेतल्या प्रत्येक बाईकडं एक उपाय होता आणि प्रत्येक उपाय माझ्या डोक्यावर झाला. रिठ्यानं केस आणखी कडक झाले, इतके की त्यांनी दादांचं बूट-पॉलिश होईल असं वाटायचं. दह्यानं माश्या आल्या. ताकानं शेजारचं मांजर आलं आणि उशीवरच झोपायला लागलं. चाकणच्या कांद्याचा रस आठ दिवस लावला तेव्हा शाळेत माझ्या मागचे तीन बाक रिकामे झाले आणि बाईंना शिकवताना रडू यायचं. कुणी म्हणे मेथी, कुणी म्हणे एरंडेल, एकीनं तर गोमूत्र सुचवलं, तिला मी आधी स्वतः लाव म्हटलं. केस रोज तुटत होते. आई विंचरून निघालेलं गुंतवळ गोळा करायची आणि ओट्याच्या फटीत खोचून ठेवायची, सुया-पोतवालीसाठी. त्या काळी ही बाई पाटी घेऊन दारोदार यायची, केसांचं गुंतवळ घ्यायची आणि बदल्यात सुया, बिब्बे, काळी पोत द्यायची. त्या केसांची पुढं गंगावनं, म्हणजे वेणीत गुंफायचे खोटे केस, व्हायची.

आमच्याकडं यायची ती काशीबाई. काळी, उंच, तोंडात कायम तंबाखू. आईनं फटीतून गुंतवळाचा उशीएवढा गोळा काढून दिला. तिनं तो हातात घेतला, उन्हात धरला, दोन केस ओढून बघितले आणि परत दिला.

"ह्ये न्हाई घ्यायची मी."

"का गं? केसच हायेत की."

"ह्ये पडल्यालं न्हाईत, तुटल्यालं हायेत. पडल्याला केस बघ, त्याच्या बुडाला बारीक पांढरा दाणा असतो. ह्यात एकाला बी न्हाई." मग माझ्याकडं वळून माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, कणसं तपासावीत तसं फिरवून बघितलं. "मूळ जित्तं हाय पोरी. जे मेलंय त्येला कशाला खुराक घालतीस? मेल्याल्या माणसाला दूध पाजून उठतंय व्हय?"

"मग काय करू?"

"कापून टाक. मानेपतुर. दोन-दोन म्हैन्यानं टोकं मारत जा. आनि शेजारनीच्या डोक्याला काय मानवतं ते इचारू नगं. आठ दिस एकच वस्तू लाव, बघ, मग दुसरी. तुजा केसच सांगंल."

पाटी उचलता उचलता ती सहज बोलून गेली, "तुमच्या त्या शेवटच्या खोलीतल्या बाईला बी म्या हेच सांगितलं व्हतं. तिनं ऐकलं न्हाई, दीड हाताचं गंगावन घेतलं, मोकळी झाली."

आईनं तोंडावर हात ठेवला. मी आईच्या हातावर हात ठेवला. "कुणाला बोलायचं नाही," मी म्हटलं. त्या दिवशी रात्रीचं जेवण गोड लागलं. साधी कांद्याची पात आणि भाकरी होती.

आईनं केस मानेपर्यंत कापले. सोळा वर्षांची मुलगी, मानेपर्यंत केस, त्या काळात. लोक घरी येऊन विचारायचे, कोण गेलं? मी प्रयोग करत होते. एका वहीत लिहून ठेवायचे, कुठल्या आठवड्यात काय लावलं, फणीत किती केस आले, दाण्याचे किती, बिनदाण्याचे किती. शास्त्राच्या बाईंना दाखवली असती तर पास करून टाकलं असतं. वर्षभरानं माझ्या केसानं सांगितलं ते असं: शिकेकाई पातळ करून, आठ दिवसांतून एकदाच. रिठा कधीच नाही. खोबरेल आदल्या संध्याकाळी, एक चमचा, त्याच्या वर थेंब नाही. जवस उकळून त्याचा चिकट रस गाळून घ्यायचा, तो न्हाल्यावर टोकांना. लाकडी फणी, खालून वर सोडवत जायचं. आणि वसाहतीच्या बोअरचं पाणी नाही. त्या पाण्यात साबणाला फेस यायचा नाही, डाळ शिजायची नाही, माझे केस तर ते पाणी बघूनच ताठ व्हायचे. हे मी नुसतं घरात बोलून दाखवलं. पुढच्या रविवारी दादा पहाटे सायकल घेऊन निघोज्याला गेले आणि मागच्या कॅरिअरला इंद्रायणीच्या पाण्याचा डबा बांधून आणला. मग दर रविवारी आणला. पाऊस असो, ओव्हरटाइम असो. मी न्हायला बसले की ते मुद्दाम बाहेर जाऊन सायकल पुसत बसायचे.

चार वर्षं गेली. केस पुन्हा कमरेच्या खाली आले. आता मी खरं सांगतेय, कमरेच्या खाली चार बोटं, जास्त नाही. पण काळे, जाड, आणि प्रत्येक केसाला टोक. आणि भिंतीपलीकडं चार वर्षं शिट्टी वाजत होती. त्या प्रत्येक शिट्टीला मी मनात एकच प्रश्न विचारायचे. टाळूला लावू नकोस, हे त्या बाईला कसं माहीत होतं?

खंडेनवमी आली. मैदानात आम्ही अकराजणी ओळीनं उभ्या. साहेबांच्या बाई टेप घेऊन आल्या. मी पुढं झाले आणि अगदी फोरमनीणबाईच्या आवाजात, म्हणजे बासुंदी ओतत, म्हटलं, "बाई, वेणी घट्ट-सैल असते, मापात फरक पडतो. यंदा केस मोकळे करून मोजू या का? आणि एकमेकींनी सोडून विंचरून द्यायचे, म्हणजे खेळीमेळीचंही होईल."

"अगं, किती छान!" साहेबांच्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. फोरमनीणबाई चुन्यासारखी पांढरी पडली. बसायला स्टुलं मांडली, तशी मी फणी घेऊन तिच्या स्टुलामागं जाऊन उभी राहिले. दुसऱ्या कुणाला मी तिथं उभं राहू दिलं असतं का?

वेणी सोडायला घेतली. एक पेड, दुसरा पेड, आणि बोटाला दोऱ्याची गाठ लागली. गाठीच्या वर केस संपत होते. वीतभर तांबूस, उभे, वाळक्या पाल्यासारखे केस. मी ते केस ओळखले. आरशात वर्षभर बघितले होते. तिच्या मानेवर घाम फुटला होता.

"विमल," ती ओठ न हलवता म्हणाली, "झाक गं पोरी. पाया पडते."

मैदानात तीनशे माणसं. बरं, शंभर असतील. माझ्या बोटात गाठ. एक हिसका, आणि चार वर्षांची परतफेड. मी चार वर्षं हा हिसका रोज मनात मारला होता. आणि मी मोठ्यानं ओरडले, "अगं बाई, काकूंना चक्कर येतेय! पाणी आणा!" पदर तिच्या डोक्यावरून ओढला, तिला धरून उठवलं आणि कानात म्हटलं, "उद्या सकाळी आमच्या घरी. एकट्या या."

दया आली असं समजू नका. हिसक्यानं तिची फजिती एक दुपार झाली असती. मला जास्त हवी होती.

नंबर माझा आला. कुकर मिळाला.

दुसऱ्या दिवशी सगळे पुरुष शिफ्टला गेल्यावर ती आली. आई नळावर. मी तिला ओट्यावर बसवलं, तिच्या पदराखालून गंगावन सोडून बाजूला ठेवलं आणि कात्री घेतली.

"काकू, टाळूला लावू नकोस, असं म्हणाला होतात तुम्ही. कसं माहीत होतं?"

तिनं मान खाली घातली आणि टाळूवरचे केस बोटांनी बाजूला केले. तिथं रुपयाएवढा चट्टा होता, गुळगुळीत. "मी लावली होती. तुझ्या आधी. पहिल्या स्पर्धेच्या वेळी, मशीन बघून मलाच सुचलं होतं ते. मग गंगावनाच्या गाठीनं केस पुन्हा धड वाढलेच नाहीत."

"म्हणजे केस जळतात हे माहीत होतं."

"हो."

"मग मला का सांगितलंत?"

"सगळी वसाहत तुझ्या वेणीकडे बघायची गं. वाटलं, माझ्या एकटीचंच का व्हावं?"

एवढं खरं बोलणं त्या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मी मानेपर्यंत कापणार असं तिला सांगितलं होतं. कानाच्या वर कापले. चारही बाजूंनी. आरसा मी आधीच आत नेऊन ठेवला होता.

मग तिला सगळी रीत सांगितली, आणि ती खरीच सांगितली. जवस, खोबरेल, शिकेकाई, टोकं मारणं, सगळं. फक्त पदरचं एक कलम जोडलं. म्हटलं, "सकाळी भोंगा झाला की डोकं उघडं ठेवून नळाच्या रांगेत उभं राहायचं. कोवळं ऊन मुळांना लागलं पाहिजे. दोन महिने." ती राहिली. रोज. पोरांनी गाणं म्हटलं, तेच. मी आमच्या ओट्यावर बसून केस वाळवत होते. वाईट वाटलं का? दुसऱ्या महिन्यात वाटलं. पहिला महिना मी मजेत होते. घरी माझ्या कुकरला डाळीला तीन शिट्ट्या पुरायच्या, मी सात घ्यायचे. दादा म्हणायचे, "डाळीचं पाणी झालं की गं." मी म्हणायचे, "होऊ दे."

तिचे केस पुढं चांगले आले, असं आई सांगायची. मी लग्न होऊन सांगवीला गेले होते, बघितले नाहीत. बघायला गेलेही नाही. आता माझ्याच डोक्यावर बोटाएवढी पांढरी शेपटी उरलीय, तिलाही मी आठवड्याला जवसाचा रस लावते.

त्या दिवशी कापलेले तिचे केस आणि ते दीड हाताचं गंगावन मी पुरचुंडीत बांधून ठेवलं होतं. ते गंगावन तिनं मागितलं नाही, मी दिलं नाही. काशीबाई आली तेव्हा पुरचुंडी तिच्या पाटीत टाकली. तिनं गंगावन ओळखलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता एक दाभण दिलं, जाडजूड, वीतभर लांब. गोधड्या अजून मी त्याच दाभणानं टाचते. सून म्हणते, आई, नवीन आणू का? मी म्हणते, कशाला? टोक अजून तसंच आहे.